संचित कोणाचे?

पैठणास गेल्या नाथषष्ठीला घडलेली एक लहानशी गोष्ट आधी सांगितली पाहिजे, कारण पुढील सारा विचार तिच्यातूनच निघाला आहे. सायंकाळचे कीर्तन आटोपून आम्ही राहुटीकडे परतत असता गंगापूर तालुक्याकडची एक वृद्ध माळकरी बाई वाटेत उभी राहिली. पायांवर डोके ठेवून म्हणाली, "महाराज, एक इचारू का? सुनंला पहिलं लेकरू झालंय. घरी कापूस हाये, पोरगा औषध मारतो. गावात कुनी शिकलेली पोरगी येऊन सांगून गेली, की असलं औषध आईच्या दुधात उतरतं. तवापासून सून लेकराला अंगावर घ्यायला भेती. हे आमचं पराब्धच म्हनायचं का?"

आम्ही दिवसभराचे थकलेले. मागे मंडळी खोळंबलेली. आम्ही म्हटले, "माउली, प्रारब्ध कोणाला चुकले आहे? नाम घ्या, पांडुरंग सांभाळील." बाई "बरं" म्हणाली आणि गर्दीत दिसेनाशी झाली. रात्री अंथरुणावर पडल्यावर मात्र मनाला टोचणी लागली. बाईने प्रश्न विचारला होता, आणि आम्ही तिला उत्तर न देता वाटेला लावले होते. नाम घ्यावे यात शंका नाही. परंतु नामाचा उपयोग प्रश्न टाळण्याकरिता करावा, हा तर नामाचाच अपराध. म्हणून जे त्या वेळी सांगावयास हवे होते, ते आज येथे मांडीत आहोत.

कर्माचे संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण असे तीन भाग आपण कीर्तनांतून नेहमी ऐकतो. त्याला कणगीचा दृष्टांत देतात. कणगीत साठवलेले धान्य ते संचित, त्यातून काढून आज चुलीवर चढविलेले ते प्रारब्ध, आणि शेतात नव्याने पेरीत आहोत ते क्रियमाण. या दृष्टांताचा कणा एकच आहे: धान्य ज्याचे त्याने पेरलेले असते. दुसऱ्याच्या शेतातले धान्य रात्री कोणी आपल्या कणगीत आणून ओतले, तर त्याला आपले संचित म्हणता येईल काय? बाईच्या प्रश्नाचे मर्म येथे आहे.

कणगीवरून आम्हांस आमच्या घरची खरीखुरी कणगी आठवते. १९६० च्या सुमारास आम्ही लहान असता आजी कणगीच्या बुडाशी एक उग्र वासाची पावडर शिंपडी. गावात तिला गॅमेक्सिन म्हणत. मुंगी-किडा लागू नये हा हेतू. त्याच काळात पाठीवर पंप घेतलेले मलेरियाचे लोक येत, भिंतींवर डी.डी.टी. मारीत आणि दारावर तारीख लिहून जात. आम्ही पोरे त्या फवाऱ्यामागे धावत असू. आजी मात्र पाण्याचे हंडे झाकून घेई. तिला रसायनशास्त्र ठाऊक नव्हते, पण ज्याने डास मरतो ते पोटात जाऊ नये एवढे कळत होते.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे, नाही तर विचार एकांगी होईल. स्वातंत्र्याच्या वेळी आपल्या देशात दरवर्षी सुमारे साडेसात कोटी लोक हिवतापाने आजारी पडत आणि आठ लाखांच्या आसपास मरत. १९५३ साली देशभर हिवताप नियंत्रणाची मोहीम सुरू झाली, आणि १९६५ पर्यंत रोग्यांची संख्या लाखाच्या घरात उतरली. ज्या पाउल म्यूलर नावाच्या शास्त्रज्ञाने १९३९ साली डी.डी.टी.चा कीटकनाशक गुण शोधला, त्याला १९४८ चे नोबेल पारितोषिक मिळाले ते काही उगीच नव्हे. आमच्या दारावर तारीख लिहिणारा तो माणूस पाप करीत होता असे आम्ही कधीही म्हणणार नाही. उलट आम्ही आज जिवंत आहोत त्यात त्याचाही वाटा असेल.

पण त्या पावडरींचा एक स्वभाव कोणी नीट ओळखला नव्हता. पोटात गेलेले बहुतेक पदार्थ शरीर टिकू देत नाही. यकृत त्यांची मोडतोड करते, मूत्रपिंडे ते पाण्याबरोबर बाहेर टाकतात. जे पाण्यात विरघळते ते असे निघून जाते. डी.डी.टी. किंवा गॅमेक्सिन यांसारखी द्रव्ये पाण्यात विरघळत नाहीत, चरबीत विरघळतात, आणि सहजी मोडतही नाहीत. म्हणून शरीर त्यांना बाहेर घालवू शकत नाही; चरबीत ठेवून देते. डी.डी.टी.पासून शरीरात जे द्रव्य तयार होऊन उरते, ते निम्मे होण्यास दहा वर्षांच्या आसपास काळ लागतो. पुढील दहा वर्षांत उरलेल्याचे निम्मे. मधल्या काळात नवे येतच राहिले तर निम्मे होणार तरी कधी? थेंबे थेंबे तळे साचे ही म्हण आपण पैशापुरती वापरतो, पण ती इथेही तंतोतंत लागू पडते.

शिशाची रीत आणखी वेगळी आहे. शरीर शिशाला चुना समजून फसते, आणि हाडांत नेऊन बसविते. रक्तातले शिसे महिना-दीड महिन्यात निम्मे होते; हाडांतले निम्मे होण्यास वीस-तीस वर्षे जातात. कॅडमियम नावाचा धातू मूत्रपिंडांत असाच ठाण मांडतो. तंबाखूच्या झाडाला तो मातीतून ओढून पानांत साठविण्याची खोड आहे. गळ्यात माळ आणि कानावर विडी असलेल्या बंधूंनी एवढे लक्षात ठेवावे. शेंदूर म्हणजे तर शिशाचेच भस्म. तेलात कालवून देवाला लावलेला शेंदूर देवाला बाधत नाही. पण त्याच बोटांनी लेकराला प्रसाद भरवू नये.

पाण्यातही हेच घडते. शेवाळात कण कण, शेवाळ खाणाऱ्या किड्यात अधिक, लहान माशात त्याहून अधिक, मोठ्या माशात आणि मासे खाणाऱ्या पक्ष्यात सर्वांत जास्त, अशी ही चढती भाजणी आहे. प्रत्येक पायरीवर खाणारा हा खाल्लेल्यांचे सारे संचित आपल्या अंगावर घेतो.

आता दुधाचे. १९५१ साली अमेरिकेत काही निरोगी मातांचे दूध तपासले, तेव्हा त्यात डी.डी.टी. सापडली. या बायांनी ती कधी हातात धरली होती असे नव्हे. रोजच्या अन्नातून आली होती. नंतरच्या दशकांत आपल्या देशातही निरनिराळ्या ठिकाणी मातांच्या दुधात ती आढळली. कारण उघड आहे. दुधातली चरबी येते ती बरीचशी आईच्या चरबीतून, आणि चरबीत जे साठले आहे ते दुधाबरोबर निघते. एरवी ज्या द्रव्यांना बाहेरचा रस्ता सापडत नाही, त्यांना हा एक मोठा रस्ता सापडतो. आईच्या अंगातला साठा असा कमी होतो, आणि पहिल्या लेकराच्या वाट्याला तो सर्वांत अधिक येतो. शिशाचेही तसेच. गर्भाची हाडे घडविण्यासाठी आईची हाडे चुना देऊ लागतात, आणि त्या चुन्याबरोबर तिने स्वतः लहानपणी गिळलेले शिसेही गर्भात जाते. जपानमध्ये मिनामाता येथे १९५६ साली एक भयंकर रोग उघडकीस आला. कारखान्यातून खाडीत सोडलेला पारा माशांतून माणसांत आला होता. त्यातली सर्वांत हृदयद्रावक गोष्ट अशी, की काही माता वरवर जवळजवळ धडधाकट होत्या, आणि त्यांची बाळे मात्र जन्मतःच पांगळी निपजली. आईच्या वाट्याचे विष गर्भाने आपल्यावर घेतले होते.

हे वाचून कोणी म्हणेल, "मग हेच तर प्रारब्ध. त्या बाळाच्या पूर्वजन्मीचे काही असेल." ही शंका आम्ही हसण्यावारी नेत नाही, कारण त्या रात्री आमच्याही तोंडून तेच निघाले होते. परंतु नीट पाहिले तर तिचा टिकाव लागत नाही. प्रारब्धाचे लक्षण असे सांगतात, की ते भोगूनच संपते; सुटलेला बाण परत फिरत नाही. हा साठा मात्र माणसांनी ठरविल्यावर उतरला आहे. स्वीडनने १९७० च्या सुमारास डी.डी.टी. बंद केली, आणि पुढील प्रत्येक दशकात तिथल्या मातांच्या दुधातले तिचे प्रमाण घसरत गेले. आपल्याकडे २००० साली पेट्रोलमधून शिसे काढून टाकले, त्यानंतर मुंबईच्या मुलांच्या रक्तातले शिसे उतरलेले दिसले. डी.डी.टी. शेतीसाठी १९८९ साली बंद झाली, गॅमेक्सिनच्या जातीची पावडर १९९७ साली. मलेरियासाठी डी.डी.टी.चा वापर पुढेही अनेक वर्षे चालू राहिला, ते असो. सरकारच्या एका कागदाने जे कमी होते, त्याला प्रारब्ध म्हणणे म्हणजे प्रारब्धाचीच थट्टा आहे. हे क्रियमाण आहे, आणि तेही दुसऱ्याचे. दुसऱ्याने पेरलेले धान्य बाळाच्या कणगीत ओतले गेले आहे.

मग हा दुसरा कोण? येथे खरी अडचण उभी राहते. चोर एक असता तर त्याला धरता आला असता.

आपल्याच जिल्ह्याचे पाहू. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे २०२३ पर्यंतचे औरंगाबाद, येथे मलिक अंबराने सतराव्या शतकात नहरीने पाणी आणले ते डोंगराकडून. शहर वरचे पाणी पिई आणि खाली सोडी. आज शहर पाणी पिते ते पैठणच्या नाथसागराचे. १९७६ साली जायकवाडीचे धरण पुरे झाले, आणि नाथांच्या नावाचे हे पाणी पंपांनी चढवून दूरच्या शहराला पोहोचते. आणि शहराचे सांडपाणी कुठे जाते? जटवाड्याच्या डोंगरातून निघालेली खाम नदी शहराच्या मधून वाहत वाळूजच्या बाजूने गोदावरीकडे उतरते, आणि नाथसागराच्याच फुगवट्याला मिळते. मोऱ्यांचे पाणी, गॅरेजचे तेल, रंगाचे धुणे, १९८० च्या दशकात उभ्या राहिलेल्या वाळूजच्या औद्योगिक वसाहतीतून जे जे सुटले ते, सारे याच वाटेने. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातील ८८ औद्योगिक क्षेत्रांचा अभ्यास केला आणि त्यांतील ४३ अतिगंभीर प्रदूषित ठरविली. त्या यादीत औरंगाबादचे नाव होते. त्यानंतर पुष्कळ खटपट झाली आहे, खाम साफ करण्याचे कामही गेल्या काही वर्षांत नेटाने चालू आहे, आणि ते करणाऱ्यांना आमचा नमस्कार. नाथसागराचे पाणी विषारी आहे असे आम्ही म्हणत नाही; एवढ्या अफाट जलाशयात खामचे पाणी विरून जाते. फारोळ्याच्या केंद्रात तुरटीने गाळ बसतो, क्लोरीनने जंतू मरतात. पण विरणे म्हणजे नाहीसे होणे नव्हे, आणि तुरटी-क्लोरीन ही विरघळलेल्या धातूंसाठी योजलेली साधने नव्हेत. जे आपण खाली सोडतो तेच वर चढवतो, एवढे तरी डोळ्यांपुढे राहावे.

या वाटेवर दोषी कोण? गॅरेजवाला म्हणतो, माझ्या डबाभर तेलाने कोण मेला? शेतकरी म्हणतो, माझ्या दोन एकरांच्या फवाऱ्याने नाथसागर बिघडला काय? कारखानदार म्हणतो, माझे पाणी तर नियमात आहे. आणि प्रत्येकाचे बोलणे वेगवेगळे घेतले तर खरे आहे! एकाही डब्याने कोणी मेलेले नाही. मग बाळाच्या तोंडात जे गेले ते कोणी घातले?

या कोड्यावर आम्ही पुष्कळ दिवस विचार केला, आणि उत्तर सापडले ते दिंडीत. वारीत भिशीचे जेवण असते. शेकडो माणसांची पंगत उठते. कोणी पायलीभर ज्वारी देतो, कोणी मूठभर डाळ. मूठभर डाळीने कोणाचे पोट भरले? एकाचेही नाही. तरी मूठ देणारी म्हातारी अन्नदानाचे पुण्य आपल्या पदरी मानते, आणि आपणही ते मानतो. तिला कोणी म्हणत नाही, की बाई, तुझ्या मुठीने काहीच झाले नाही. मग पुण्याच्या वेळी मूठ मोजावयाची आणि पापाच्या वेळी मात्र मूठ म्हणजे काहीच नाही म्हणावयाचे, हा कुठला हिशेब? पंगतीला मुठीचा वाटा पोहोचतो, तर खामलाही डब्याचा वाटा पोहोचतो. वाटा लहान असेल, त्याचे पाप लहान असेल. शून्य मात्र नाही. आणि ज्याचा वाटा हजार मुठींचा आहे त्याने मूठवाल्याच्या आड लपू नये, हेही याच हिशेबाने निघते. शेतकऱ्याला चार गोष्टी सांगणारे पुष्कळ भेटतात. औषध बनविणाऱ्याला, ते विकणाऱ्याला आणि परवानगी देणाऱ्याला विचारणारे फार थोडे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे दगावली, शेकडो दवाखान्यात गेली. त्यांत हातावर पोट असलेले मजूर पुष्कळ होते. ज्याला हातमोजा मिळाला नाही त्यालाच "तू काळजी का घेतली नाहीस" म्हणून विचारावे, हे आम्हांस पटत नाही.

दुसरी शंका अज्ञानाची. न कळत केले त्याचे पाप किती? आमच्या आजीने कणगीला पावडर लावली ती नातवंडांना किडके धान्य खावे लागू नये म्हणून. तिला दोष देणारी जीभ आमच्याजवळ नाही. पण अज्ञानाला मुदत असते. १९६२ साली रेचल कार्सन या अमेरिकन विदुषीने यावर ग्रंथ लिहून जगाला हाक दिली. त्यानंतर आपल्याकडे शेतात डी.डी.टी. बंद होण्यास २७ वर्षे लागली. एंडोसल्फानमुळे केरळच्या कासरगोड भागात माणसांची काय दशा झाली हे सर्वांना दिसत असताना, ते बंद व्हायला २०११ साली सर्वोच्च न्यायालयाला आज्ञा करावी लागली. कळल्यानंतरची ही वर्षे अज्ञानाच्या खात्यावर मांडता येत नाहीत.

तिसरी शंका आपल्या मंडळींचीच. देह नाशिवंत, त्याचे एवढे कौतुक कशाला? स्वतःच्या देहाविषयी कोणी असे म्हणेल तर आम्ही त्याला हात जोडू. पण दुसऱ्याच्या देहाविषयी वैराग्य दाखविणे फार सोपे असते. नाथांची कथा आपण सर्व जाणतो. रामेश्वरासाठी आणलेली गंगेची कावड त्यांनी तापलेल्या वाळूत तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात रिकामी केली. गाढवाचा देहही नाशिवंतच होता. नाथांनी त्याला त्या वेळी वैराग्य सांगितले नाही, पाणी पाजले. आज त्याच वाळवंटात कावड घेऊन उभे राहिलो, तर आपण पाजतो ते पाणी कसले आहे, हे पाहणे आलेच.

जाता जाता एक सावधगिरी. हल्ली "शरीरातले विष काढून टाकतो" म्हणून चूर्णे, काढे, पट्ट्या विकणारे यात्रांतूनही दिसू लागले आहेत. त्यांच्या नादी लागू नये. शरीरातले शिसे काढण्याची औषधे असतात, पण ती रक्त तपासून डॉक्टरांनी द्यावयाची. काही जण एकादशीलाही हाच गुण चिकटवितात. एकादशी ही देवासाठी आहे, तिला जुलाबाच्या गोळीच्या पंक्तीला बसवू नये. शिवाय खूप उपास करून झपाट्याने वाळले, तर चरबी वितळून तिच्यात दडलेले द्रव्य रक्तात उतरते, असे तपासण्यांत दिसले आहे. लेकुरवाळ्या बाईने म्हणूनच कडक उपास करू नयेत. देव त्यावाचून रुसत नाही.

आता त्या बाईकडे वळू. तिचे गाव विचारावयाचे राहिले, नाव तर नाहीच. हा अंक वारीच्या वाटेवर हातोहात फिरतो. गंगाथडीच्या कोणा वाचकास ती भेटली तर आमचा निरोप द्यावा. माउली, आमचे त्या दिवशीचे उत्तर चुकले. हे तुमच्या सुनेचे प्रारब्ध नव्हे आणि तिचा दोषही नव्हे. शिकलेली पोरगी खोटे बोलली नाही, पण तिचे सांगणे अर्धे राहिले. जी औषधे वर्षानुवर्षे अंगात साठतात ती बहुतेक जुनी आणि आता शेतीत बंद झालेली. आज कापसावर मारतात त्यांतली पुष्कळशी काही दिवसांत अंगाबाहेर जातात. पण ती त्याच दिवशी जीव घेऊ शकतात, म्हणून पोराने तोंड-हात झाकून, वाऱ्याकडे पाठ करून फवारावे, घरी येऊन आधी अंग धुवावे आणि ते कपडे वेगळे धुवावेत. सुनेने पोटुशी असताना किंवा पाजत असताना औषध कालवू नये, रिकामा डबा घरात पाण्याला वापरू नये. आणि दुधात थोडे काही असले तरी आईच्या दुधाचे गुण त्याहून किती तरी मोठे आहेत. वरच्या दुधाला लागणारे पाणी आणि बाटली यांचे भय त्याहून जास्त. साऱ्या जगातले डॉक्टर एकमुखाने हेच सांगतात. सुनेला म्हणावे, लेकराला अंगावर घे, पोटभर पाज.